या चुका टाळा: धनुष्य मुठीत आवळू नका

नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याकडच्या भिल्ल पाड्यांवर पोरं तीरकामठ्यावरच वाढतात. कामठ्याला बाण टेकवायला वेगळी जागा नसते, बाण मुठीवरूनच सुटतो, म्हणून मूठ आवळायची सवय लागते. तीच मूठ रिकर्व्ह धनुष्याला (स्पर्धेतलं, टोकं पुढे वळलेलं धनुष्य) पडली की एक बाण डावीकडे, एक उजवीकडे, आणि खेळाडू साइट, म्हणजे धनुष्यावरची नेम धरायची खूण, फिरवत बसतो. साइट राहू द्या, आधी हात बघा.

दोरी सुटताना बोटं आवळली, की धनुष्य हातात किंचित वळतं. बाण साधारण 70 सेंटीमीटरचा धरला, तर मागचं टोक 1 मिलिमीटर सरकल्यावर 30 मीटरवर 4 आणि 70 मीटरवर तब्बल 10 सेंटीमीटरचा फरक पडतो. 122 सेंटीमीटरच्या टार्गेटवर दहा गुणांचं वर्तुळ मध्यापासून जेमतेम 6.1 सेंटीमीटर!

कुणाला ‘थांब’ म्हणताना पंजा पुढे करतो तसा धनुष्याचा हात करा, मग बोटांची पेरं साधारण 45 अंशांत तिरपी होतील इतका वळवा. सगळा दाब अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या मांसल उंचवट्यावर यायला हवा. तळहातावरच्या आयुष्यरेषेवर पेनाने रेघ मारा आणि पाच-सहा बाणांनंतर बघा: लाल वळ रेघेच्या अंगठ्याकडे हवा. करंगळीकडे उमटला, तर पंजा फार आत सरकलाय.

एवढं कळूनही बोटं मिटतात, कारण धनुष्य पडेल ही भीती. ती सांगून जात नाही. बुटाच्या लेसला दोन्ही टोकांना फासे करा, धनुष्याच्या पुढून घेऊन एक अंगठ्यात, दुसरा तर्जनीत अडकवा. मग 3 मीटरवरून, टार्गेटचा कागद न लावता, बाण अडवणाऱ्या नुसत्या गठ्ठ्यावर बाण सोडा. प्रशिक्षक शेजारी असतील तर डोळे मिटून. धनुष्य स्वतःहून पुढे उडी मारून लेसवर लटकू लागलं, की हात सुटला समजा.

दोरी धनुष्याच्या हाताला चाबकासारखी लागते का? कोपर आत वळलंय. खांद्याच्या उंचीवर भिंतीला तळहात टेकवा आणि पंजा न हलवता फक्त कोपर बाहेर फिरवा. हे रोज घरी जमतं.

दोरीच्या हातात तीन बोटं, एक बाणाच्या वर, दोन खाली. अंगठा तळहातात मुडपलेला. भिल्ल तिरंदाज पूर्वापार अंगठा न लावताच ओढतात, त्यामुळे इथल्या पोरांना हे शिकवावं लागत नाही. सोडताना मात्र बोटं झटकून उघडतात, हात चेहऱ्यापासून दूर उडतो आणि उजव्या हाताने ओढणाऱ्याचा बाण बहुधा डावीकडे जातो. बोटं उघडू नका. पाठीने मागे ओढत राहा, बोटं सैल पडू द्या. हात मानेला घासत कानाखाली थांबला पाहिजे.

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडच्या उन्हात तळहात घामेजला की मूठ पुन्हा मिटते. दर फेरीआधी कोरड्या फडक्याने पुसा, थोडी टाल्कम पावडर लावा. ग्रिपवर जाड पट्टी गुंडाळू नका, हाताची जागाच बदलते. आणि धनुष्य बंद गाडीत ठेवू नका, उष्णतेने पात्यांचे (धनुष्याच्या वरच्या-खालच्या वाकणाऱ्या भागांचे) थर सुटतात.