स्पीकर भिंतीजवळ ठेवलाय? मग मागची बटणं वापरा

पॉवर्ड स्पीकरच्या (ज्यात अ‍ॅम्प्लिफायर आतच असतो) पाठीवर बहुधा दोन छोटी बटणं असतात, एक बेसचं, एक ट्रेबलचं; त्यांना बहुतेक जण कधी हातच लावत नाहीत. बेससाठी यामाहा एचएस ५ वर ‘रूम कंट्रोल’ असतो: ०, −२, −४ डेसिबल. जेबीएल ३०५पी मार्क २ वर ‘बाउंडरी ईक्यू’: ०, −१.५, −३. दोन्हींत अधिकचा आकडा नाही, कारण भिंत बेस वाढवते आणि बटण तो वाढलेला भाग कापतं. बेस स्पीकरच्या मागेही पसरतो आणि भिंतीवरून परत येऊन मूळ आवाजात मिसळतो. हिशेबाने एका भिंतीमुळे ६ डेसिबलपर्यंत भर पडते. कोपऱ्यात त्याहून जास्त.

आधी बटणं शून्यावर आणा आणि फोनमधला, कॉम्प्युटरमधला ‘बेस बूस्ट’ बंद करा. ट्वीटर (बारीक, उंच सूर वाजवणारा छोटा भाग) कानाच्या उंचीवर हवा, दोन स्पीकर आणि तुमचं डोकं यांचा समभुज त्रिकोण व्हावा. कोपरा टाळा.

आता भिंतीपासूनचं अंतर. ३४३ ला अंतराच्या (मीटरमध्ये) चौपटीने भागलं की साधारण कितव्या हर्ट्‌झला खड्डा पडेल, म्हणजे परतलेला आवाज मूळ आवाजाला खोडून तो सूर क्षीण करेल, ते कळतं. स्पीकरचा दर्शनी भाग भिंतीपासून १ मीटरवर असेल तर खड्डा ८६ हर्ट्‌झच्या आसपास, म्हणजे ऐन बेसमध्ये. अंतर कमी केलं की खड्डा बेसच्या वर सरकतो. म्हणून छोट्या खोलीत अर्धवट पुढे ओढण्यापेक्षा स्पीकर भिंतीजवळच ठेवून बटणाने बेस कापणं मला जास्त पटतं. स्पीकरच्या मागे बेसची हवा सोडणारं भोक असेल तर थोडी मोकळी जागा मात्र सोडा.

मग ओळखीचं रेकॉर्डिंग बोलण्याइतक्या आवाजात लावा. पुरुषाचा आवाज माठात बोलल्यासारखा येतोय? डग्ग्याचा घुमारा लांबतोय? बेसचं बटण एक पायरी खाली (−२ किंवा −१.५) करून ऐका, फुगवटा उरला तरच पुढची. एकच स्पीकर कोपऱ्यात अडकला असेल तर त्याचाच बेस जास्त कापायला हरकत नाही.

ट्रेबलच्या बटणाची घाई नको. फरशी आणि उघड्या भिंतींमुळे आवाज बोचतो, पण ‘हाय ट्रिम’ने (यामाहावरचं ट्रेबलचं बटण) थेट येणारा स्वच्छ आवाजही कमी होतो. आधी जाड पडदा, सतरंजी, गादी. तरीही बोचलं तर −२.

एखादाच सूर घुमत असेल तर ही बटणं उपयोगाची नाहीत. १० फुटांवरच्या समोरासमोरच्या भिंतींत साधारण ५६ हर्ट्‌झ घुमतो. खुर्ची फूटभर पुढे-मागे करून पाहा. मापनाचा माइक असेल तर ‘रूम ईक्यू विझार्ड’ हे मोफत सॉफ्टवेअर नेमका कितवा हर्ट्‌झ घुमतो ते दाखवतं, आणि तेवढाच अरुंद पट्टा पॅरामेट्रिक ईक्यूने (हवा तो पट्टा निवडून कमी-जास्त करणारी सोय) कापता येतो. खड्डा मात्र ईक्यूने भरायला जाऊ नका. अ‍ॅम्प्लिफायरवर ताण येतो आणि खड्डा बहुतेक तसाच राहतो, तिथे स्पीकरची किंवा खुर्चीची जागाच बदलावी लागते.

लोखंडी कपाट थरथरत असेल तर दारावर हात ठेवून खात्री करा. फटीत घडी केलेला कागद सारला की काम होतं.