थंडी ओसरतेय, मॉन्स्टेराला आत्ताच आधार द्या

दिवस मोठा व्हायला लागलाय, गारठा कमी झालाय, म्हणजे घरातला मॉन्स्टेरा, ते मोठ्या चिरा पडलेल्या पानांचं शोभेचं झाड, जो दोन-तीन महिने नुसता गप्प उभा होता तो आता जागा होणार. शेंड्याशी नवीन पानाची हिरवी सुरळी डोकं काढताना दिसली की समजायचं, हंगाम सुरू झाला. आणि दरवर्षी याच सुमाराला तोच प्रश्न येतो, झाड एवढं वाढलंय पण पानं लहानच येतायत, चिरा पडत नाहीत, खत कुठलं घालू? खताचं नंतर बघू. आधी त्याला चढायला काहीतरी द्या आणि उचलून खिडकीजवळ ठेवा.

कारण मुळात ही वेल आहे हो. दक्षिण मेक्सिकोपासून पनामापर्यंतच्या ओल्या जंगलातली. तिथे ती जमिनीवर रुजते, एखादं मोठं झाड गाठते आणि त्याच्या खोडाला धरून वर वर जाते, पेरातून निघालेली हवाई मुळं सालीला घट्ट चिकटतात, आणि जसजशी ती वर उजेडात पोचते तसतसं पान मोठं होत जातं, त्याला चिरा पडतात, भोकं पडतात. लहान रोपाचं पान अखंडच असतं, पत्त्यातल्या बदामाच्या आकाराचं, तेव्हा नवीन आणलेल्या छोट्या रोपाला चिरा नाहीत म्हणून घाबरू नका. याच्याच कुळातल्या एका जातीवर १९७५ साली अभ्यास प्रसिद्ध झाला होता, त्यात दिसलं की रुजलेली कोवळी रोपं उजेडाकडे जातच नाहीत, ती अंधाराच्या दिशेने सरपटतात, कारण जंगलात जिथे गडद दिसतं तिथे जाड खोड असण्याची शक्यता जास्त. मला हे फार भारी वाटतं. खोड शोधणं ज्याच्या घराण्यातच आहे त्याला आपण कुंडीत मोकळं सोडतो, मग ते आडवं पसरतं, अर्धी खोली अडवतं आणि पानं मात्र तेवढीच राहतात.

आधार म्हणून मॉस पोल, म्हणजे शेवाळ गुंडाळलेला खांब, लावा नाहीतर खडबडीत लाकडाची फळी, दोन्ही चालतं. पण लावायच्या आधी झाड नीट फिरवून बघा, त्याला पुढची आणि मागची बाजू असते. पानं ज्या बाजूला तोंड करून असतात ती पुढची, हवाई मुळं जिथून निघतात ती मागची. पोल मागच्या बाजूला, मुळांना टेकेल असा. बांधताना फक्त जाड खोड बांधायचं, पानाचा देठ कधीच नाही, देठाला उजेडाप्रमाणे वळायचं असतं आणि शिवाय नवीन पान आधीच्या देठाच्या खोबणीतूनच बाहेर येतं, तिथे दोरी आवळली की ते आतच अडकतं. आणि मॉस पोल असेल तर तो ओला ठेवावा लागतो, कोरडा पडला तर मुळं त्यात शिरत नाहीत, नुसती काठी लावल्यासारखंच होतं. मी पाणी घालताना आधी पोलवर वरून सावकाश ओततो, मग कुंडीत.

कुंडी बदलायची असेल तर तीही आत्ताच, म्हणजे वाढीचा अख्खा हंगाम मुळांना मिळतो. तळाच्या भोकातून मुळं बाहेर आली असतील किंवा पाणी घातल्या घातल्या सरळ खाली निघून जात असेल तर वेळ झालीये असं समजा. पण नवीन कुंडी आधीच्यापेक्षा फक्त ५ सेंमी रुंद घ्या. एकदाच मोठी घेऊ, परत झंझट नको, असं वाटतं, मीही तेच केलं होतं. तीन आठवड्यांत खालची पानं एकेक करून पिवळी. झाड बाहेर काढलं तर मातीला गटारासारखा वास, आणि मूळ चिमटीत धरून ओढलं की वरची साल सुळकन निघून हातात यायची, आत राहायचा नुसता दोरा. एवढी माती ओली राहिली की तिच्यात हवाच उरत नाही आणि मुळं गुदमरतात. कुजलेलं सगळं कापलं, लहान कुंडीत लावलं, तेव्हा कुठे वाचलं. निरोगी मूळ टणक असतं, पांढरट किंवा फिकट तपकिरी, तेवढं लक्षात ठेवा.

माती भुसभुशीत हवी. कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, पर्लाइट म्हणजे ते हलके पांढरे दाणे, झाडाच्या सालीचे तुकडे आणि थोडं गांडूळखत असं मिश्रण मला सगळ्यात चांगलं वाटतं, नुसती बागेची माती घरातल्या कुंडीत दगडासारखी बसते.

पाण्याला वार ठरवू नका. बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घाला, साधारण ५ सेंमी, कोरडं लागलं तरच पाणी, आणि मग भरपूर, खालून निथळेपर्यंत, आणि ताटलीत साचलेलं ओतून टाका. थंडीत पाणी लांबवलं असेल तर आता एकदम वाढवू नका, नवीन पान दिसलं की माती आपोआप लवकर सुकायला लागते, तिच्या मागे मागे जा. सकाळी पानाच्या टोकाला थेंब दिसला तर तो रोग नाही, झाड जादाचं पाणी बाहेर टाकतं.

उजेड खिडकीपासून थोडं लांब गेलं तरी झपाट्याने कमी होतो, आपल्या डोळ्यांना ते कळत नाही. दुपारी पानावर हात धरून बघा, सावली दिसते का? पुसटशी का होईना पण दिसायला हवी. मात्र कोपऱ्यातलं झाड एकदम कडक उन्हात नेऊ नका, पानं भाजतात आणि तो डाग जात नाही. हळूहळू सरकवा.

खत नवीन पान आल्यावरच. पाण्यात विरघळणारं संतुलित खत, पाकिटावरच्या मात्रेच्या निम्मं, महिन्यातून एकदा पुरतं.

ओल्या फडक्याने पानं पुसत चला, धूळ तर जातेच पण पानाची मागची बाजूही बघितली जाते. तिथे चंदेरी ओरखडे आणि काळे बारीक ठिपके दिसले तर थ्रिप्स, म्हणजे पानातला रस शोषणारे बारीक किडे, आहेत, झाड लगेच बाकीच्यांपासून वेगळं करा, पानं धुवा आणि नीम ऑइल आठवड्याच्या अंतराने तीन-चारदा मारा, एकदा मारून ते जात नाहीत. घरात मांजर, कुत्रा किंवा रांगतं बाळ असेल तर झाड त्यांच्या तोंडापासून लांब ठेवा, पान चावलं तर त्यातल्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुयांनी तोंडाची आग होते, सूज येते.

आणि सुरळी उलगडायला लागली की हात लावू नका, प्लीज. आत पान ओल्या कागदाइतकं नाजूक असतं, बाहेरून ओढलं की चिरांपाशीच फाटतं. एक-दोन आठवडे लागतील. आधी एक कड सुटते, मग फिकट पोपटी पान लोंबतं, आणि गडद होत होत कडक व्हायला अजून थोडे दिवस. तेवढे दिवस कुंडी फिरवूही नका.