धूर नंतर, आधी बॅरल उघडा

मलेरिया विभागात असताना कोल्हापुरातली शिवाजी पेठ, दुधाळी, राजारामपुरी पायाखाली घातली. दारात उभं राहिलो की प्रश्न ठरलेला: "काका, धूर कधी मारणार?" मी म्हणायचो, "मावशी, आधी बॅरल दाखवा."

धुरानं उडते डास मरतात. पाण्यातल्या आळ्यांना त्याचं काही नाही. आठवड्याभरात त्याच बॅरलमधनं नवी फौज बाहेर. शिवाय डेंग्यूचा डास शे-दोनशे मीटरच्या पलीकडं सहसा जात नाही. म्हणजे तुम्हाला चावला तो गल्लीतलाच, कदाचित घरचाच.

तर आठवड्यातला एक दिवस धरा. आमच्या भाषेत कोरडा दिवस. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून सात दिवसांच्या आत पाणी ओतायचं. पंधरवड्यानं केलेलं काम वाया.

आधी बघायला शिका. झाकण काढून लगेच "काही नाही" म्हणू नका. सावली पडली की आळ्या तळाला पळतात. मिनिटभर गप्प थांबा, मग टॉर्च मारा; श्वास घ्यायला वर येतातच. शेपटाकडची बाजू वर आणि डोकं खाली, तिरक्या लोंबकळतात.

सापडल्या तर पाणी गटारात नको, कोरड्या मातीवर ओता. आणि इथंच निम्मे लोक चुकतात: बॅरल रिकामा केला, नळ आला, लगेच भरला. अंडी पाण्यात नसतात हो, पाण्याच्या रेषेजवळ भिंतीला चिकटलेली असतात. कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात, पाणी लागलं की फुटतात. म्हणून आतनं काथ्यानं किंवा ब्रशनं खसाखसा घासा, वरच्या काठापर्यंत. मग उन्हात पालथा घाला. भरल्यावर तोंडाला जुन्या धोतराचं फडकं ताणून बांधा. नुसतं ताट ठेवलं तर फटीतनं डास जातो.

पेठेतल्या जागा वेगळ्याच. परड्यातलं जुनं उखळ, म्हशीची दगडी डोण, पत्र्यावरचं टायर, पावसासाठी ताणलेल्या प्लॅस्टिकचा खड्डा, नारळाची करवंटी. गच्चीवरचं पाखरांचं भांडं तर हमखास, पुण्याचं काम म्हणून कुणी ओततच नाही. उखळ वाळूनं भरून टाका. ओतता न येणाऱ्या हौदात, विहिरीत गप्पी मासे; नदीत, तळ्यात मात्र सोडू नका, तिथले मासे हटतात.

सर्व्हेवाला आला तर त्याला न्हाणीपर्यंत, गच्चीपर्यंत जाऊ द्या. आमच्या वेळी सगळ्यात टापटीप घरंच उंबऱ्यावरनं परत पाठवायची.

घरात ताप आला तर पहिल्या पाच दिवसांत डेंग्यूची एनएस-वन ही रक्तचाचणी उपयोगाची, पुढं आयजीएम ही दुसरी रक्तचाचणी. ॲस्पिरिन, ब्रुफेन आपल्या मनानं घेऊ नका, रक्तस्रावाचा धोका असतो. रिपोर्ट आला की वॉर्डातल्या आरोग्य कर्मचाऱ्याला कळवा, म्हणजे आजूबाजूची घरंही तपासली जातात. तेव्हाच धुराचाही खरा उपयोग.

फ्रिजच्या मागचा ट्रे सांगायचा राहिला. रिटायर व्हायच्या वर्षी आमच्याच ट्रेमध्ये आळ्या निघाल्या. बायको झाडू टेकवून विचारते, "नोटीस कुणाच्या नावानं फाडायची?"