मदत करायची, तर आधी विचारायचं

सोलापूरच्या पूर्व भागात मी आठवीला शिकवते. पहिल्या वर्षी माझी मोठी चूक झाली. मुलांकडून जुने कपडे गोळा केले आणि ऊसतोड टोळीच्या कोप्यांवर नेऊन वाटले. एका बाईच्या वाट्याला टिकल्यांचा घागरा आला. तिनं तो नीट घडी घालून माझ्या हातात परत दिला. "बाई, हे नेसून ऊस तोडू व्हय? आधी इचारलं असतं तर बॅटरी मागितली असती. पहाटं फडात पाय कुठं पडतो दिसत न्हाई."

तेव्हापासून मी मदतीचा पाठ कादंबरीतून शिकवते. लिंडा सू पार्क यांची 2010 सालची 'अ लाँग वॉक टू वॉटर' घ्या. पुस्तक इंग्रजीत आहे. मी एकेक प्रकरण आधी वाचून मराठीत सांगते. आठवड्याला दोन तास पुरतात. 1985 साली सुदानच्या यादवीत शाळेतून पळालेला अकरा वर्षांचा साल्वा, आणि 2008 साली पाण्यासाठी रोज तासन्‌तास चालणारी न्या नावाची मुलगी, अशा दोन गोष्टी त्यात शेजारी-शेजारी चालतात. आमच्याकडे नळाला काही दिवसांआड पाणी येतं, त्यामुळे न्या मुलांना लगेच कळते. साल्वाला वेळ द्यावा लागतो. निर्वासित म्हणजे काय, हे इथेच स्पष्ट करा. ऊसतोड कामगार हंगाम संपला की गावी जातो. साल्वाला जिवाच्या भीतीनं परतता येत नाही.

'दयाळू व्हा' असं एकदाही म्हणू नका. वहीत फक्त दोन रकाने आखून घ्या: कुणी काय दिलं, आणि त्याला ते केवढ्याला पडलं. एकटा पडलेल्या साल्वाला एक म्हातारी शेंगा देते, थोडे दिवस आसरा देते, आणि मग त्याला जायला सांगते. त्या दिवशी मी वर्गात भाजलेल्या शेंगा नेल्या होत्या. प्रत्येकाला एक मूठ. शेंगाचटणीच्या गावातली मुलं, एरवी शेंगा मोजून कोण खातं? त्या दिवशी मोजून खाल्ल्या. "म्हातारी वाईट का?" यावर अर्धा तास भांडण झालं. मी निकाल दिला नाही. वाळवंटात तहानेनं मरणाऱ्या माणसांना पाणी द्यायला निघालेल्या साल्वाला काका अडवतो, तिथंही निकाल देऊ नका. घरी गेल्यावरही मुलांच्या डोक्यात तो प्रश्न राहू द्या.

शेवटी मोठा झालेला साल्वा न्याच्या गावात विहीर खणायला येतो, तेव्हा फळ्यावर एवढंच लिहा: न्या न्युएर, साल्वा डिंका. दोन्ही जमातींचं पिढ्यान्‌पिढ्यांचं वैर आधी सांगितलेलं असलं, की पुढचं मुलंच बोलतात.

मग डॉ. कोटणीस. 1910 साली सोलापुरात जन्मलेले, 1938 साली पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेलेले, 1942 साली तिथंच वारलेले. एवढं मुलांना पाठ असतं. त्यांनी तिथली भाषा शिकून घेतली, हे मात्र मुद्दाम सांगा. माणसाचं दुखणं कळायला त्याची बोली कळावी लागते.

आता प्रत्यक्ष मदतीचं काम. ते मुलांनी गल्लीत विचारूनच शोधायचं, आणि निदान दोन महिने धरून ठेवायचं. फोटो काढायचे नाहीत. यावर मी अडून बसते. गेल्या वर्षी विड्या वळणाऱ्या आज्यांनी सांगितलं, बँकेतली स्लिप भरता येत नाही, दरवेळी कुणाच्या तरी पाया पडावं लागतं. त्यातल्या बऱ्याच जणी तेलुगू बोलणाऱ्या. वर्गात कधी तोंड न उघडणारा एक मुलगा तेलुगू घरचा. त्या दिवशी सगळे त्याच्याभोवती गोळा झाले. त्यानं फळ्यावर 'मीकु एम् कावालि?' लिहिलं, खाली एका मुलीनं कन्नडमध्ये 'निमगे एनु बेकु?' लिहिलं. "तुम्हाला काय पाहिजे?" त्या दोघांच्या मागं सगळा वर्ग ते म्हणू लागला, आणि चुकीच्या उच्चाराला तो पोरगा प्रत्येकाला थांबवत होता.