कूलंट कमी होतंय? आधी गळती शोधा

बाटलीतलं कूलंट (गाडीचं इंजिन थंड ठेवणारं द्रव) दर महिन्याला 'मिन'च्या, म्हणजे किमान पातळीच्या, खुणेखाली जात असेल, तर नुसतं भरत राहू नका. रात्री इंजिनाखाली पुठ्ठा अंथरा. सकाळी त्यावर साधं, बिनवासाचं पाणी दिसलं तर ते बहुधा एसीचं. हिरवा किंवा गुलाबी, बोटाला बुळबुळीत लागणारा डाग मात्र कूलंटचा. (गोडसर असतं, पण विषारी, कुत्र्या-मांजरांपासून जपा.)

पुठ्ठा कोरडाच? मग प्रेशर टेस्टर, म्हणजे कूलंटच्या यंत्रणेत दाब भरून तो टिकतो का ते काट्यावर दाखवणारा हातपंप. इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच रेडिएटरचं किंवा कूलंटच्या बाटलीचं झाकण काढा, नाहीतर उकळती वाफ तोंडावर येते. त्या जागी टेस्टर बसवून झाकणावर छापलेल्या दाबापर्यंतच पंप मारा; त्यावर ०.९ किंवा १.१ बार असं काहीतरी असतं. जास्त दाब दिलात तर चांगला होज (रबरी नळी) फुटेल. पंधरा मिनिटांत काटा उतरला, तर टॉर्च घेऊन होजच्या क्लिपा, रेडिएटरचे प्लॅस्टिक-ॲल्युमिनियम सांधे आणि वॉटर पंपाखालचं बारीक भोक बघा. वाळलेल्या गळतीचा पांढरट-हिरवट थर तिथेच सापडतो.

बाहेर सगळं कोरडं, तरी काटा उतरतोय? पुढच्या सीटखालचा गालिचा चाचपा. ओला असेल तर गळती हीटर कोअरमध्ये, म्हणजे केबिन गरम करणाऱ्या छोट्या रेडिएटरमध्ये. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय आणि सायलेन्सरमधून न थांबणारा पांढरा धूर असेल, तर संशय हेड गॅस्केटवर (इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं सील). अशी गाडी चालवत नेऊ नका.