जुनी पिकअप घरच्या घरी पुन्हा उभी करताना : दाराखालचा पत्रा कसा बदलावा

टेल्कोने, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सने, 1988 मध्ये बाजारात आणलेली टाटामोबाइल 206 ही पिकअप कोकणात अजूनही एखाद्या मांगराशेजारी किंवा काजूच्या बागेच्या कडेला उभी असलेली दिसते. शिडीसारखी स्वतंत्र चासी, तिच्यावर रबरी माउंटिंगवर बसवलेली केबिन, मागे माल ठेवायचा वेगळा हौदा आणि टर्बो नसलेले 1948 सीसीचे साधे डिझेल इंजिन, अशी तिची सुटसुटीत बांधणी असल्यामुळे अंगणात दुरुस्त करता येण्याजोग्या गाड्यांत मी तिला फार वरचे स्थान देतो. आजवर मी अशा पाच पिकअप पुन्हा रस्त्यावर आणल्या. त्यांपैकी तीन रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातून मासळी वाहत असत, त्यामुळे बर्फाचे खारट पाणी वीस-पंचवीस वर्षांत पत्र्याचे काय करते हे मला जवळून पाहायला मिळाले.

या विषयावर जो सल्ला सर्रास दिला जातो, तो इंजिनापासून सुरू होऊन रंगाशी संपतो. मला तो मान्य नाही. इंजिन बिघडले तर उतरवून दुरुस्त करता येते आणि रंग पुन्हा मारता येतो, परंतु केबिनच्या खालच्या अंगाचा पत्रा चुकीच्या पद्धतीने कापला तर गाडीची दारे कायमची बिघडतात आणि तिथून मागे येणे फार महाग पडते. म्हणून या लेखाचा मोठा भाग मी त्या एकाच टप्प्यासाठी राखून ठेवला आहे.

आधी कागद, मग पाना

नोंदणी प्रमाणपत्रावरचे चासी व इंजिन क्रमांक गाडीवरच्या क्रमांकांशी स्वतः ताडून पाहावेत. चासीवरचा क्रमांक गंजाने खाल्लेला असेल तर ती गाडी सोडून द्यावी. मालवाहू गाडीला आठ वर्षांनंतर दर वर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते, आणि 15 वर्षांवरील गाड्यांसाठीचे शुल्क एप्रिल 2022 पासून बरेच वाढले आहे. तो खर्च आधीच हिशेबात धरावा. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार गाडीच्या मूळ रचनेत असा बदल करता येत नाही की ज्यामुळे नोंदणीतील तपशील उत्पादकाने दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा ठरेल; सर्वोच्च न्यायालयानेही 2019 च्या निकालात हेच स्पष्ट केले. त्यामुळे केबिन कापून लांब करणे किंवा दुसऱ्या जातीचे इंजिन बसवणे हे विचार सुरुवातीलाच बाजूला ठेवावेत. रंग बदलायचा असल्यास त्याची नोंद प्रादेशिक परिवहन कार्यालयात करून घ्यावी.

यांत्रिक भाग

इंजिन सुरू होत असेल, तेलाचा दाब आणि चारही सिलेंडरांचे कॉम्प्रेशन ठीक असेल, तर ते उघडू नये. नोझल तपासून घ्यावेत, सर्व फिल्टर, पट्टा आणि पाण्याचे होज बदलावेत. ब्रेकच्या बाबतीत मात्र जुने काहीही ठेवू नये; मास्टर सिलेंडर, व्हील सिलेंडरांचे किट, रबरी होज आणि गंजलेल्या नळ्या सरसकट नव्या घालाव्यात. पाटे, म्हणजे स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्या, उतरवून पाटेवाल्याकडून त्यांना पुन्हा कमान द्यावी. गाडी मऊ चालावी म्हणून एक-दोन पाटे काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नये, कारण भरलेल्या हौद्याचा भार मग उरलेल्या पाट्यांवर आणि एक्सलवर येतो. डिझेलची टाकी गळत असेल तर दुसरी टाकी शोधावी. रिकाम्या टाकीत वाफ राहते आणि तिला झाळ (वेल्डिंग) मारताना स्फोट होऊन माणसे दगावली आहेत.

गंज किती आहे, हे ओळखणे

केबिनमधील रबरी मॅट पूर्ण उचलावी आणि तिच्याखालची गोणपाटासारखी गादी फाडून काढावी. लहान हातोडीने फरशीवर हलके ठोके देत जावे. चांगला पत्रा ठणठणीत वाजतो. आतून खाल्लेल्या पत्र्याचा आवाज बद्द येतो आणि ठोक्यासरशी रंगाखालून तपकिरी भुगा सांडतो. जिथे आवाज बदलला तिथे स्क्रू-ड्रायव्हर टेकवून जोराने दाबावा. तो आरपार गेला तर वाईट वाटून घेऊ नये, कारण ते भोक तिथे आधीपासूनच होते.

सर्वांत जास्त गंज मिळतो तो दाराखालच्या पोकळ पट्टीत, जिला डेंटिंगवाले रनिंग बोर्ड म्हणतात. दाराच्या रबरातून आलेले पाणी तिच्यात उतरते, चिखलाने तळाची छिद्रे बुजतात आणि पट्टी आतून कुजते. बाहेरून फक्त रंगाचे दोन-तीन फोड दिसतात. माझ्या चौथ्या गाडीत विकणाऱ्याने हाच भाग फायबर आणि पुट्टीने भरून वर चकचकीत रंग दिला होता. चुंबक लावताच तो चिकटला नाही. चुंबक खिशात ठेवावा.

दाराखालचा पत्रा बदलणे

हा टप्पा मला एकदा फार जड गेला, म्हणून तो सविस्तर सांगतो. दुसऱ्या पिकअपच्या वेळी मी दोन्ही बाजूंचे रनिंग बोर्ड एकाच दिवशी, कोणताही आधार न लावता कापले. नवे पत्रे नेटके बसले, झाळही चांगली आली. संध्याकाळी ड्रायव्हरच्या बाजूचे दार लावून पाहिले, तर कुलूप मागच्या पिलरवरच्या (चौकटीच्या उभ्या खांबावरच्या) कडीपेक्षा सहा मिलिमीटर खाली येत होते आणि दाराची पुढची फट वर अरुंद, खाली रुंद झाली होती. बिजागरीचा पिलर आणि मागचा पिलर यांना खालून धरून ठेवणारी मुख्य वस्तू ती पट्टीच असते. ती काढल्यावर केबिनचा सगळा भार एकट्या छतावर आला आणि दाराची चौकट तिरकी झाली. बिजागऱ्या वाकवून दार कसेबसे लागले असते, परंतु काच कधीच नीट बसली नसती. सगळे टाके, म्हणजे झाळेचे ठिपके, पुन्हा कापून, जॅकने चौकट सरळ करून तेच काम दुसऱ्यांदा करण्यात माझे तीन आठवडे गेले.

म्हणून क्रम असा ठेवावा. प्रथम गाडी सपाट फरशीवर, एक्सलखाली चार स्टँड लावून उभी करावी. केबिन चासीवरून उतरवू नये. पुष्कळ जण ती आधी उतरवायला सांगतात, कारण मग खालून काम सोपे होते. पण खालचे अंग कुजलेली केबिन साखळीने उचलणे म्हणजे ओल्या खोक्याला कान धरून उचलणे होय. तिला चासीवरच बसू द्यावे, कारण कारखान्यात ठरलेली तिची बैठक तीच आहे. केबिनची रबरी माउंटिंग बसकी झाली असतील तर ती पत्रा कापण्यापूर्वी बदलावीत. जुन्या, दबलेल्या रबरावर केबिन असताना घेतलेले कोणतेही माप उपयोगाचे नसते.

त्यानंतर दाराच्या फटी पुढे, मागे आणि खाली अशा तीन ठिकाणी मोजून त्या मास्किंग टेपवर लिहून गाडीलाच चिकटवाव्यात. दाराच्या चौकटीचे दोन्ही कर्णही मोजावेत. आता 25 मिलिमीटरच्या चौकोनी पाइपचे दोन तुकडे घेऊन एक आडवा आणि एक तिरपा, असे पुढच्या व मागच्या पिलरमध्ये झाळावेत. हे आधार चौकटीच्या आतल्या कडेला लावावेत, म्हणजे दार बंद करता येईल. दार काढून ठेवण्याची घाई करू नये. या कामात तेच तुमचे मापाचे साधन आहे, आणि प्रत्येक टप्प्यानंतर ते लावून पाहायचे आहे.

झाळ सुरू करण्यापूर्वी बॅटरीची तार काढावी, सीट, मॅट आणि जवळचे वायरिंग बाजूला करावे, डिझेलची टाकी व नळ्या दूर ठेवाव्यात आणि पाण्याची बादली व अग्निशामक हाताशी असावे. फरशीखाली लावलेला जुना डांबरी थर आधी खरवडून काढावा, कारण तो वरच्या झाळेने खालच्या बाजूला पेट घेतो आणि आत बसलेल्या माणसाला ते दिसत नाही.

एका वेळी एकच बाजू कापावी, आणि तीही पूर्ण लांबीची नव्हे. मी आता मागचा अर्धा भाग कापतो, तो बसवून पक्का करतो, दार लावून पाहतो आणि मगच पुढच्या अर्ध्या भागाला हात लावतो. गंजाच्या कडेपाशी थांबू नये. चांगल्या, चमकणाऱ्या पत्र्यात निदान दोन-तीन सेंटिमीटर आत जाऊन कापावे, कारण पातळ झालेल्या पत्र्यावर झाळ धरतच नाही, भोके पडत जातात. ठिगळाचे कोपरे गोल ठेवावेत.

ठिगळासाठी 18 ते 20 गेजचा सीआर (कोल्ड-रोल्ड, जस्त न चढवलेला) पत्रा वापरावा. जीआय (जस्त चढवलेला) पत्रा स्वस्त आणि न गंजणारा म्हणून कोणी पुढे केला तर घेऊ नये. त्यावरचा जस्ताचा थर झाळताना जळून जो पांढरा धूर निघतो, त्याने रात्री हुडहुडी भरून ताप येतो, आणि झाळही सच्छिद्र होते. गावातला गेट-ग्रिलवाला रॉडची मशीन घेऊन यायला तयार असतो. त्याचे कौशल्य जाड लोखंडासाठी आहे, मिलिमीटरभर पत्र्यासाठी नाही. गॅसची झाळ पत्रा फार लांबवर तापवते. या कामाला सीओटू मशीन (वायूच्या आवरणात तारेने झाळणारे) आणि 0.8 मिलिमीटरची, मिळाल्यास 0.6 ची, तार हवी. मशीन भाड्याने आणावी आणि आधी त्याच जाडीच्या भंगार पत्र्यावर एक पूर्ण दिवस हात बसवावा.

फरशीच्या ठिगळाभोवती साधारण एक मिलिमीटर फट ठेवून चार कोपऱ्यांत टाके मारावेत, मग समोरासमोरच्या बाजूंना, मग त्यांच्यामध्ये, असे करत टाक्यांतले अंतर अडीच-तीन सेंटिमीटरवर आणावे. दोन टाके कधीही शेजारी-शेजारी लागोपाठ मारू नयेत. बोट टेकवता येईल इतका पत्रा निवल्याशिवाय पुढचा टाका नाही, हा नियम मी मोडत नाही. सलग झाळ ओढण्याचा मोह होतो, ती दिसायलाही सुंदर दिसते; पण तापलेला पत्रा फुगतो, निवताना आखडतो आणि फरशीवर अशी लाट उठते की ती नंतर ठोकून बसत नाही. ओले फडके टाकून निववण्याने हीच गोष्ट आणखी वाढते. रनिंग बोर्डाच्या कडा फरशीच्या कडेवर जिथे एकमेकींवर बसतात, तिथे वरच्या पत्र्याला सहा-सात मिलिमीटरची भोके पाडून, दोन्ही पत्रे क्लॅम्पने घट्ट आवळून ती भोके झाळेने भरावीत. पोकळी बंद करण्यापूर्वी पत्र्याच्या आतल्या बाजूंना जस्ताचा प्रायमर द्यावा, कारण तिथे पुन्हा ब्रश पोहोचणार नाही.

दार लावून, टेपवरच्या मापांशी फटी आणि कर्ण जुळवून मगच आधाराचे पाइप कापावेत. फरक दोन मिलिमीटरच्या आत असेल तर तो बिजागरीच्या बोल्टांवर निघतो. त्याहून अधिक असेल तर शेवटचे टाके उघडावेत. ते जिवावर येते, पण त्या दिवशी उघडणे रंगानंतर उघडण्यापेक्षा पुष्कळ सोपे असते.

गंजरोधक थर आणि रंग

उरलेला वरवरचा गंज वायर ब्रशने काढून फॉस्फोरिक आम्लाच्या द्रावणाने पुसावा, धुऊन पूर्ण वाळवावा आणि इपॉक्सी प्रायमर द्यावा. एकट्या रेड ऑक्साइडवर गाडीला पावसाळा काढायला लावू नये, तो ओलावा आत जाऊ देतो. सर्व सांध्यांवर सीलर भरावा. पुट्टीचा थर दोन मिलिमीटरच्या वर जात असेल तर पत्रा अजून ठोकायचा राहिला आहे असे समजावे. आमच्याकडे रंगकाम डिसेंबर ते मार्च याच काळात करावे. जूननंतरच्या दमट हवेत दिलेला रंग पांढुरका पडतो आणि खाली पाणी धरून ठेवतो. रनिंग बोर्डाच्या पोकळीत लांब नळीच्या फवारणीने मेणाचा थर सोडावा.

आपल्या मनासारखी करणे

माझ्या मते या गाडीवर हौस करण्याची खरी जागा हौदा आहे. पत्र्याची फरशी नीट करून त्यावर आईनाच्या किंवा सागाच्या फळ्या, मध्ये सात-आठ मिलिमीटरची फट सोडून, स्टीलच्या बोल्टांनी बसवल्या की पाणी लगेच निथळते आणि सामान घासले तरी पत्र्याला ओरखडा जात नाही. फळ्यांना वर्षातून एकदा जवसाचे तेल द्यावे. फरशीवर रबर चिकटवू नये, कारण त्याखाली अडकलेले खारे पाणी दोन पावसाळ्यांत सगळी मेहनत खाऊन टाकते. सीटला जाड कॅनव्हास, आतल्या छताला नवे कापड, मूळ आकाराच्या रिमवर साधा चंदेरी रंग इतके केले तरी गाडी देखणी दिसते. पुढे लोखंडी बुलबार लावू नये. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर 2017 मध्येच तो कायद्याविरुद्ध असल्याचे राज्यांना कळवले आहे, आणि पादचाऱ्याला त्याने होणारी इजा फार गंभीर असते.

गाडी रस्त्यावर आल्यानंतरच्या पहिल्या मोठ्या पावसात ती बाहेर उभी ठेवावी. दुसऱ्या दिवशी सकाळी मॅट उचलून फरशीवर, विशेषतः पेडलांच्या वरच्या कोपऱ्यात आणि दाराच्या रबराखाली, कोरडा हात फिरवावा, आणि रनिंग बोर्डाच्या तळाच्या छिद्रांत तार घालून ती मोकळी आहेत ना हे पाहावे. हात ओला झाला तर मॅट परत टाकू नये. पाणी कुठून आले ते सापडेपर्यंत फरशी उघडीच ठेवावी.