जुन्या फॅनुकला कॅमचा पोस्ट जुळवून घेताना

वाळूज, चिकलठाणा किंवा जालन्याच्या एमआयडीसीत फिरलात तर जॉबवर्कच्या शेडमध्ये फॅनुक ०-एम कंट्रोलचं एखादं व्हीएमसी (उभ्या स्पिंडलचं मिलिंग मशीन) दिसतंच. स्लाइड ठीक, स्पिंडल ठीक, माप धरतं. अडतं ते नव्या कॅममधून, म्हणजे संगणकावर टूलची वाट आखणाऱ्या सॉफ्टवेअरमधून, निघालेल्या प्रोग्रामवर. ती वाट कंट्रोलच्या कोडमध्ये उतरवणारी फाइल म्हणजे पोस्ट; कॅमसोबत मिळणारा साधा फॅनुक पोस्ट आजच्या कंट्रोलचा विचार करून लिहिलेला असतो. त्यातल्या दहा-बारा गोष्टी बदलल्या की हेच मशीन बिनबोभाट चालतं. मात्र कामाला सुरुवात पोस्टच्या फाइलपासून करू नका, मशीनपासून करा.

आधी सगळे पॅरामीटर, पीसी पॅरामीटर (कंट्रोलमधल्या पीएलसीचे, संगणकाचे नव्हेत) आणि ऑफसेट बाहेर काढून दोन ठिकाणी ठेवा. ०-एमची मेमरी तीन मोठ्या डी-साइज सेलवर टिकते. सेल उतरलेले असताना लाइट गेली तर सगळं पुसलं जातं, आणि आपल्याकडे उन्हाळ्यात लाइट कधी जाईल सांगता येत नाही. सेल बदलायचे ते कंट्रोल चालू ठेवूनच.

मग मशीन आणि लॅपटॉप जोडणारी सिरियल केबल. मशीनकडच्या २५ पिनच्या बाजूला ४-५ जोडा, ६-८-२० एकत्र जोडा, २ आणि ३ उलटसुलट करा, ७ सरळ ठेवा. सेटिंग दोन्हीकडे एकच: ४८०० बॉड, ७ डेटा बिट, इव्हन पॅरिटी, २ स्टॉप बिट, सॉफ्टवेअर हँडशेक. ०८५ अलार्म आला तर यातलंच काहीतरी जुळलेलं नाही. केबल लावताना मशीन आणि लॅपटॉप दोन्ही बंद हवेत, आणि नंतर लॅपटॉप चार्जर काढून बॅटरीवर चालवा. एप्रिल-मेमध्ये अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, दोन्हीकडच्या अर्थमध्ये फरक येतो आणि पोर्ट जळतो. खड्ड्यात पाणी घालायची सवय ठेवा.

आता मशीनच्या मेमरीतला, रोज चालणारा एक प्रोग्राम बाहेर घ्या. त्यात टूल चेंज, ड्रिलिंग आणि एखादा आर्क असेल असाच निवडा. त्याची प्रिंट हा तुमचा नमुना. मॅन्युअलपेक्षा यावर जास्त भरवसा ठेवा, कारण मॅन्युअलमध्ये सगळे ऑप्शन छापलेले असतात आणि मशीनवर त्यातले विकत घेतलेलेच चालतात. एकाच मॉडेलच्या दोन मशीनांतही फरक निघतो. नमुन्यात नसलेले कोड टूल हवेत ठेवून एमडीआयमध्ये (ओळ हाताने टाइप करून चालवण्याच्या मोडमध्ये) एकेक तपासा. ०१० अलार्म म्हणजे तो जी-कोड या कंट्रोलला माहीत नाही किंवा तो ऑप्शन नाही. जी०२ (आर्क) च्या ओळीत झेड दिल्यावर ०२१ आला तर हेलिकल (आर्क फिरतानाच झेड उतरवणं) नाही असं धरा. कॅममधला हेलिकल रॅम्प सरळ रेषांत मोडावा लागेल.

एवढं झाल्यावर पोस्ट उघडा. मूळ फाइलला हात लावू नका. फ्युजनची सीपीएस असो वा मास्टरकॅमची पीएसटी, मशीनच्या नावाने प्रत करा आणि एका वेळी एकच बदल करून निघालेला प्रोग्राम नमुन्याशी ओळीओळीने ताडून बघा.

सगळ्यात महागात पडतो तो दशांश बिंदू. ०-एमवर बिंदू न देता एक्स१० लिहिलं की कंट्रोल ते ०.०१० मिमी समजतो. झेड५० म्हणजे जॉबच्या ५० मिमी वर जाणं अपेक्षित असतं, पण बिंदू नसेल तर टूल जेमतेम ०.०५ मिमी वर थांबतं आणि पुढच्या जी०० (रॅपिड) मध्ये थेट क्लॅम्पवर जाऊन ठोकतं. म्हणून एक्स, वाय, झेड, आय, जे, आर या सगळ्यांना बिंदू सक्तीचा करा. फ्युजनमध्ये त्यासाठी फॉरमॅटच्या ओळीत 'फोर्स डेसिमल' असतं. उलट एस, टी, एच, डी आणि डवेलच्या (टूल जागेवर थांबवण्याच्या) पी ला बिंदू नको, नाहीतर ००७ अलार्म येतो. जी०४ पी१००० म्हणजे एक सेकंद.

होम घेण्याची ओळ नेहमी जी९१ जी२८ झेड० अशीच यायला हवी. जी९० (मापं जॉबच्या शून्यापासून) चालू असताना जी२८ झेड० दिलं तर टूल आधी जॉबच्या झेड शून्यावर उतरतं आणि मग होमला जातं. जॉब आणि टूल दोन्ही जातात. पुढच्याच ओळीत जी९० परत लिहा. शिवाय प्रत्येक टूलच्या सुरुवातीला जी१७ जी४० जी४९ जी८० जी९० आणि जी५४ (जॉबचं शून्य) छापून घ्या, म्हणजे मधूनच प्रोग्राम सुरू करणाऱ्या ऑपरेटरला धोका राहत नाही.

आर्कच्या बाबतीत आर (त्रिज्या) ऐवजी आय-जे (केंद्राचं अंतर) घ्या. आर देऊन पूर्ण वर्तुळ निघतच नाही. ०२० अलार्म म्हणजे सुरुवातीची आणि शेवटची त्रिज्या जुळत नाही. बहुतेक वेळा दोष राउंडिंगचा असतो: त्रिज्या प्रचंड आणि आर्क इवलासा. कमाल त्रिज्या १००० मिमी आणि किमान कॉर्ड (आर्कच्या दोन टोकांमधलं सरळ अंतर) ०.२५ मिमी ठेवा, त्यापलीकडचं सगळं रेषांत जाऊ द्या. फार जुन्या कंट्रोलला क्वाड्रंट (वर्तुळाचा चतुर्थांश) ओलांडणारा आर्कही चालत नाही. तिथे आर्क क्वाड्रंटवर तोडण्याचा पर्याय लावा. सीमेन्स ८१० असेल तर फॅनुकचा पोस्ट घेऊच नका, तिथे आर म्हणजे पॅरामीटर, त्रिज्या नव्हे.

आता डायच्या कामाचा खरा अडसर: मेमरी, जी जुन्या कागदी टेपच्या लांबीत मोजतात. ८० मीटर टेपची मेमरी म्हणजे साधारण ३१,५०० अक्षरं. 'एन१२५० एक्स१०२.३४५ वाय४५.६७८' ही ओळ कंट्रोलच्या इंग्रजी लिपीत, मोकळ्या जागा आणि ओळ संपल्याची खूण धरून, २३ अक्षरांची होते. एन नंबर आणि मोकळी जागा काढली की १६. म्हणजे त्याच मेमरीत सुमारे १,३७० ऐवजी १,९७० ओळी बसतात. डीएनसीवर, म्हणजे लॅपटॉपवरून ओळी सोडत मशीन चालवताना, फरक आणखी जाणवतो. ४८०० बॉडला एका अक्षराचे ११ बिट धरले तर सेकंदाला ४३६ अक्षरं, म्हणजे २३ च्या हिशेबाने १९ ओळी आणि १६ च्या हिशेबाने २७. कॅमने ०.१ मिमीचे तुकडे पाडले असतील तर खरा फीड मिनिटाला ११४ किंवा फार तर १६३ मिमी. एफ८०० लिहून उपयोग नाही. टूल अडखळतं आणि पृष्ठभागावर ठिपके उठतात. टॉलरन्स थोडा सैल करून तुकडे ०.५ मिमीच्या आसपास आणले की १६ अक्षरांच्या ओळीवर ८०० चा फीड मिळतो. कॅममध्ये आर्क फिटिंग असेल तर तेही वापरा. जी०५.१, जी०८ असे लुक-अहेडचे (पुढच्या ओळी आधीच वाचण्याचे) कोड मात्र पूर्ण काढून टाका.

टॅपिंगच्या ओळींतून रिजिड टॅपचा एम२९ काढून टाका. रिजिड टॅपचा (स्पिंडल आणि झेड एकमेकांशी बांधून चालवण्याचा) ऑप्शन नसेल तर फ्लोटिंग होल्डर आणि फीड म्हणजे आरपीएम गुणिले पिच. एम१० गुणिले १.५ च्या टॅपला २०० आरपीएमवर ३००. विना-आर्म ड्रम मॅगझिनवर पुढचं टूल आधी बोलावणं बंद ठेवा. प्रोग्राम नंबर ओ आणि चार आकडे, ९००० च्या खालचाच; ९००० आणि पुढच्या नंबरांवर टूल चेंजचे मॅक्रो असू शकतात. एका ओळीत एकच एम-कोड. कॉमेंट ठेवल्याच तर इंग्रजी कॅपिटल अक्षरांत.

पहिला प्रोग्राम लावताना जी५४ च्या झेडमध्ये ५० मिमी वाढवा, सिंगल ब्लॉक चालू ठेवा, रॅपिड ओव्हरराइड २५ टक्क्यांवर आणा. प्रत्येक टूल पहिल्यांदा झेडमध्ये उतरताना फीड होल्ड दाबा आणि स्क्रीनवरचं 'डिस्टन्स टू गो' बघा. टूलच्या टोकापासून जॉबपर्यंत पट्टी लावून जे अंतर येतं, त्यातून ५० मिमी आणि त्या ओळीतलं झेडचं माप वजा केल्यावर उरेल तेवढंच स्क्रीनवर हवं. स्क्रीनवर जास्त दिसलं तर रीसेट करा आणि एच नंबर (टूलच्या लांबीचा ऑफसेट) किंवा बिंदू कुठे चुकला ते शोधल्याशिवाय सायकल स्टार्टला हात लावू नका.